घरच्या सुऱ्यांना धार: दगड कुठला, कोन किती, आणि आदोळीचं काय

गोव्यात पर्वरीहून एका ताईंनी विचारलं आहे: घरात रोजच्या दोन स्टेनलेस सुऱ्या, मुलाने परदेशातून आणलेली एक जपानी सुरी, मासळीसाठी लोहाराकडून घडवून घेतलेली कोयती आणि सासूबाईंची आदोळी, म्हणजे विळी, आहे. सगळ्यांची धार गेली आहे. दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे द्याव्यात, ऑनलाइन मिळणारं ओढून धार लावायचं यंत्र घ्यावं, की दगड घेऊन स्वतः शिकावं? आणि दगड घ्यायचा तर त्यावरच्या आकड्यांमधला कुठला?

ताई, स्वतः शिका. एक १००० नंबरचा चांगला दगड घ्या, चाकवाल्याला फार तर कोयती द्या, ओढायचं यंत्र घेऊ नका. फोंड्यात हॉटेलांच्या आणि घरांच्या सुऱ्यांना धार लावणं हेच माझं रोजचं काम आहे, तरीही हे सांगतो. कारण घरच्या सुरीला वर्षातून एकदा लावलेली उत्तम धार नको असते, दर दीड-दोन महिन्यांनी लावलेली बरी धार हवी असते. ती घरीच लागते.

आधी धार जाते म्हणजे काय होतं ते बघू, कारण उपाय त्यावर ठरतो. पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. ती तीन तऱ्हांनी बिघडते. मऊ पोलादाची असेल तर एका बाजूला वळते. रोज फळीवर आपटून, आंबट-खारट लागून झिजते. कडक पोलादाची असेल तर तिला खांडं पडतात. वळलेली धार सळईवर, म्हणजे धार सरळ करायच्या काठीवर, सरळ होते, झिजलेलीला दगड लागतो, खांडं पडली तर जाड दगडावर तेवढं पोलाद उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. दिव्याखाली सुरी धार वर करून धरा आणि पात्याच्या रेषेत बघा. चांगली धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिला रुंदीच नसते. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे ती बोथट आहे. ही तपासणी फुकट आहे आणि कुठल्याही यंत्रापेक्षा खरी आहे. सुरी हातात घेतल्यावर मी पहिलं काम हेच करतो.

आता तुमच्या सुऱ्यांचं पोलाद. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्टेनलेस सुऱ्या रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५२ ते ५६ च्या आसपास असतात. चांगल्या युरोपीय सुऱ्या ५५ ते ५८. त्यांच्या पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं. जपानी सुरी ६० च्या पुढे, काही ६४-६५ पर्यंत. आकडा वाढतो तशी धार जास्त टिकते, पण पातं ठिसूळही होतं. म्हणून जपानी सुरीने कधी हाड फोडू नये आणि खाचांच्या सळईवर ती घासू नये, कडेचा तुकडा उडतो. तुमची कोयती बहुधा ट्रकच्या कमानपाट्याची असेल. आपले लोहार तोच वापरतात आणि कोयतीसाठी तो उत्तमच असतो. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, क्रोमियम नसल्यासारखंच. म्हणजे धार झटपट लागते, पण गंजही झटपट चढतो. आदोळीचं जुनं पातंही साध्या कार्बन पोलादाचंच असतं.

चाकवाल्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण अनेक घरांत सुऱ्या तिथेच संपतात. सायकलला बसवलेलं पायाचं चाक सावकाश फिरतं, ते तितकं वाईट नाही. बाजारातल्या दुकानांत मात्र विजेच्या मोटारीवरचं कोरडं चाक असतं. सहा इंची चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड सेकंदाला २० मीटरहून जास्त वेगाने धावते. त्यावर सुरीची कड ठेवली की ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे तुमच्या सुरीतून निघालेला तापलेला कण. कड केसाएवढी पातळ असल्यामुळे तिथली उष्णता पळायला जागा नसते. कार्बन पोलाद २२० अंशांच्या पुढे पिवळसर पडू लागतं, २९० ते ३०० च्या सुमारास निळं दिसतं. कड निळी झाली की तिथलं पाणी उतरलं असं समजा: पोलाद मऊ पडतं आणि त्यावरची नवी धार आठवडाभरही टिकत नाही. बऱ्याचदा निळा डाग पुढच्या घासण्यात निघून जातो आणि दिसतही नाही, पण मऊपणा राहतो. शिवाय चाकावर दरवेळी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पोलाद जातं, मुठीजवळ पोकळ पडते आणि सुरी फळीवर सपाट बसेनाशी होते. कोयतीचं पातं जाड असतं, तिला मोठी खांडं पडली असतील तर चाक चालेल. पण चाकवाल्याला सांगा की बाजूला पाण्याचं भांडं ठेव, दर दोन घासण्यांनी पातं बुडव, आणि शेवटची धार काढू नकोस, ती घरी दगडावर मी काढेन. चांगला माणूस हे ऐकतो.

ओढायची यंत्रं, म्हणजे ज्यांच्या फटीतून सुरी मागे ओढायची ती, फार विकली जातात. आत दोन टोकदार कार्बाइडचे तुकडे व्हीसारखे बसवलेले असतात. ते धार घासत नाहीत, खरवडतात. दोन ओढण्यांत टोमॅटो कापला जातो म्हणून माणूस खूश होतो, पण भिंगातून बघितलं तर कड फाटल्यासारखी दिसते आणि चार दिवसांत पुन्हा बोथट होते. कोन यंत्राने ठरवलेला असतो, तुमच्या सुरीला तो मानवतो की नाही हे कोणी विचारत नाही. जपानी सुरी त्यातून कधीही ओढू नका. घरात वयस्कर माणूस एकटं असेल, हातात जोर नसेल आणि सुरी स्वस्तातली असेल, तर तेवढ्यापुरतं ते यंत्र ठीक.

आता दगड. हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळणारा दोन रंगांचा दगड सगळ्यांनी बघितलेला असतो, त्याला सरसकट कार्बोरंडम म्हणतात. तो सिलिकॉन कार्बाइडचा किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. दगड चांगला, पण त्याची 'बारीक' बाजूसुद्धा बहुधा २००-३०० च्या आसपासच असते. म्हणजे खांडं काढायला, कोयतीला, आदोळीला उत्तम. भाजीच्या सुरीला ती धार खरखरीत लागते. आकडा जितका मोठा तितका कण बारीक: १२० ते ४०० जाड काम, ८०० ते १२०० रोजची धार, ३००० च्या पुढे फक्त गुळगुळीतपणा. स्वयंपाकघरातलं ९० टक्के काम १००० वर भागतं. ६००० आणि ८००० चे दगड विकत घेऊन १००० वर हात न बसलेली माणसं मी खूप बघतो. बारीक दगड वाईट धार चमकवतो, सुधारत नाही.

आकड्यांमध्ये एक गफलत असते ती ध्यानात ठेवा. जपानी दगडावरचे १००० आणि वॉटर पेपरवरचे १००० सारखे नाहीत. कागदामागे आकड्याआधी 'पी' छापलेलं असेल तर त्याचा १००० चा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, आणि जपानी १००० च्या जवळ जायला त्यातला १५०० घ्यावा लागतो. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्यांना आज पैसे घालायचे नाहीत त्यांनी सुरुवात वॉटर पेपरवरच करावी. गाडीचं डेंटिंग-पेंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात ४०० चा आणि १५०० चा एकेक कागद मिळतो. सपाट टाइलच्या तुकड्यावर पाणी शिंपडून कागद चिकटवा आणि सुरी फक्त मागे ओढा, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे ढकलली तर कागद फाटतो.

पाण्याचा दगड घेणार असाल तर दुकानदाराला विचारा की भिजवायचा आहे की नुसतं पाणी शिंपडायचं आहे. भिजवायचा दगड दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवला की बुडबुडे थांबतात, तेव्हा तो तयार. शिंपडायच्या जातीचा दगड मात्र पाण्यात बुडवून ठेवू नये, काही दगड त्याने मऊ पडतात किंवा तडकतात. काम झाल्यावर कुठलाही दगड उन्हात टाकू नका, सावलीत उभा करून वाळवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो वाळता वाळत नाही आणि बुरशी धरतो. ज्यांच्या घरात हवा खेळत नाही त्यांना मी हिऱ्याची प्लेट सुचवतो: पोलादी पट्टीवर हिऱ्याची कणी बसवलेली, पाणी थेंबभर पुरतं, पुसली की कोरडी. ती कधी पोकळ होत नाही आणि कडक जपानी पोलादही आरामात कापते. सुरुवातीला नवी प्लेट खूप ओरखडे काढते, काही वापरानंतर शांत होते. तिच्यावर जोर देऊ नका, जोराने हिऱ्याची कणी उपटून निघते.

कार्बोरंडमवर तेल वापरायचं की पाणी, हा प्रश्नही येतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, पुरे. खोबरेल दगडावर ओतू नका. त्यात पोलादाचा कीस मिसळून दगडाची भोकं बुजतात. एकदा तेल प्यायलेला दगड पुन्हा पाण्यावर आणणं कठीण असतं.

दगड वापरून मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर कोन कधीच राहत नाही. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा काढा, काचेवर किंवा टाइलवर २२० चा वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि दगड त्यावर गोल गोल फिरवा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट. अंगणातल्या चिऱ्यावर सुरी घासण्याची जुनी सवय अनेक घरांत आहे. आपला चिरा सच्छिद्र आणि असमान असतो, त्यात कडक खडेही असतात आणि माती भुसभुशीतही. कुदळीला तो चालेल, सुरीला नको. त्यापेक्षा चिनी मातीच्या कपाच्या बुडाची चकाकी नसलेली कड कितीतरी बरी. अडल्या वेळी त्यावर आठ-दहा हलके हात मारले की दिवस निभावतो.

कोन किती? रोजच्या स्टेनलेस सुरीला एका बाजूने २० अंश, जपानीला १५, कोयतीला २५ किंवा थोडा जास्त. अंश डोळ्याने मोजता येत नाहीत, म्हणून हा हिशेब करा: पात्याची धार ते पाठ ही रुंदी मोजा. तिच्या तिसऱ्या भागाएवढी पाठ दगडापासून उचलली की २० अंश होतात, चौथ्या भागाएवढी उचलली की १५. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १५ मिलिमीटर वर हवी, जपानीला ११-१२. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा कापून दगडाजवळ ठेवा आणि अधूनमधून पाठ त्याला टेकवून बघा. दोन अंश इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. बिघडतं ते कोन दर हाताला बदलल्याने.

कोन बरोबर लागतो की नाही हे बघायला काळ्या मार्करने धारेची उतरती पट्टी दोन्ही बाजूंनी रंगवा. दोन-तीन हात मारून बघा. शाई फक्त वरच्या अंगाने, पाठीकडून गेली असेल तर पाठ फार खाली आहे, दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाही. फक्त अगदी कडेची गेली तर पाठ फार वर आहे. सगळी पट्टी एकसारखी पुसली गेली तर तोच तुमचा कोन. नवशिक्यांचे निम्मे तास पहिल्या चुकीत जातात: ते तासभर घासतात आणि दगडाचा धारेला स्पर्शच होत नाही.

आता मुख्य गोष्ट. दगडाखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकत नाही. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्यावर, धारेच्या जवळ पण धारेवर नव्हेत. ज्या जागी बोटं, त्या जागीच दगड कापतो. मुठीकडून सुरू करा, एका जागी आठ-दहा वेळा मागेपुढे, मग बोटं आणि पातं सरकवत टोकापर्यंत. टोकाशी पातं वळतं, तिथे मूठ किंचित उचला, नाहीतर टोक बोथट राहतं. जोर किती हे कळत नसेल तर दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा: सुरुवातीला एक-दीड किलो, शेवटी शंभर-दोनशे ग्रॅम. पाण्यात काळपट लगदा येईल, तो धुऊन टाकू नका, तोही घासायचं काम करतो.

थोड्या वेळाने दगडाच्या वरच्या बाजूला, म्हणजे जी बाजू घासलेली नाही तिथे, धारेवर एक बारीक लव उठते. पोलाद इतकं पातळ झालेलं असतं की ते पलीकडे दुमडतं. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर न्या, धारेच्या लांबीवरून कधीही नको. नख किंवा कातडं कशाला तरी अडकल्यासारखं वाटतं, ती लव. जोपर्यंत मुठीपासून टोकापर्यंत ती एकसलग लागत नाही तोपर्यंत बाजू बदलायची नाही. एवढी एक गोष्ट पाळलीत तर धार लागणारच, दगड कुठलाही असो. बहुतेक जण दर दहा हातांनी बाजू पलटतात, कारण दोन्ही बाजूंना सारखे हात मारायचे असं कुठेतरी ऐकलेलं असतं. हातांची संख्या सारखी असून भागत नाही. वापरलेली सुरी दोन्ही अंगांनी सारखी झिजलेली नसते, एका बाजूला वीस हातांत लव येते आणि दुसऱ्या बाजूला पन्नास लागतात. लव आली म्हणजे दगड धारेपर्यंत पोचला. याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नाही.

दुसऱ्या बाजूने घासून लव पहिल्या बाजूला आणा. मग ती काढायची: जोर कमी करत पाच-पाच, तीन-तीन, शेवटी एकेक हात आलटून पालटून. लव राहून गेली तर सुरी त्या दिवशी वस्तऱ्यासारखी कापते आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटते, कारण कापत होती ती दुमडलेली लव. शेवटचं काम चामड्यावर. जुना चामडी पट्टा लाकडाच्या पट्टीला आतली खरखरीत बाजू वर करून चिकटवा आणि सुरी फक्त मागे ओढत दहा-बारा हात मारा. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट मिळाली तर थोडी लावा, नाही मिळाली तरी चालतं. वर्तमानपत्राची घट्ट घडीही बऱ्यापैकी काम देते.

मग तपासा. कागद कापून दाखवणं दिसायला छान, पण स्वयंपाकघरात मी पिकलेला टोमॅटो आणि कांद्याची पात घेतो. टोमॅटोच्या सालीवर सुरी ठेवून न दाबता ओढली की ती आत गेली पाहिजे. पात चिरल्यावर तुकडे एकमेकांना चिकटून माळ राहत असेल तर पात्यात कुठेतरी पोकळ आहे किंवा एक जागा राहून गेली आहे.

जपानी सुरीत आधी बघा की ती दोन्ही बाजूंनी उतरती आहे की एकाच. मासळीसाठीच्या काही पारंपरिक जपानी सुऱ्या एकाच बाजूने उतरत्या असतात. त्यांची उतरती बाजू पूर्ण दगडाला टेकवून घासायची आणि मागची बाजू सपाट ठेवून फक्त लव काढायची. दोन्ही बाजूंनी २० अंशांवर घासली की ती सुरी गेली. साधी दोन्हीकडे उतरती असेल तर वर सांगितलेलंच, फक्त १५ अंशांवर. हिला १००० नंतर ३००० चा दगड शोभतो.

कोयतीला कार्बोरंडमचा दगड पुरे. एवढं जड हत्यार दगडावर फिरवण्यापेक्षा कोयती टेबलाच्या कडेला घट्ट धरून दगड तिच्यावर फिरवा, बोटं धारेच्या मागे. तिची धार फार पातळ करू नका. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, मणक्यावर ती पडते तेव्हा पातळ कड दुमडते. नारळ फोडायलाही तीच वापरत असाल तर मुठीजवळची तीन बोटं धार मुद्दाम जाड, तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि टोकाकडची मासळीसाठी बारीक. लोहाराने पाणी नीट दिलं आहे की नाही हे बघायला धारेजवळ कानस हलकेच घासा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ आहे. अशी कोयती पुन्हा लोहाराकडेच न्यावी लागेल.

आणि सासूबाईंची आदोळी. तिच्यासाठी मी मुद्दाम थोडा वेळ घेतो, कारण तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही आणि चाकवाले तिचं पातं फळीपासून उपटून चाकावर धरतात. आदोळी उपटू नका. फळीच्या खाली फडकं घाला, नेहमीसारखा पाय ठेवून ती पक्की धरा, किंवा दुसऱ्या कोणाला धरायला सांगा. दगड हातात घेऊन पात्याच्या खालून वर न्या. पात्याला बाक असतो. जिथे तो बाहेर फुगतो तिथे सपाट दगड चालतो. जिथे आत वळतो तिथे तो पोचत नाही, कडांनी खाचा पाडतो. आतल्या बाकासाठी लाटण्याला वॉटर पेपर गुंडाळा, आधी ४००, मग १०००, आणि धारेपासून पाठीच्या दिशेला ओढा, म्हणजे हात निसटला तरी धारेवर येत नाही. बहुतेक जुन्या आदोळ्या एकाच बाजूने जास्त घासलेल्या असतात. ज्या बाजूला उतार आहे तिथेच घासा, दुसऱ्या बाजूने फक्त लव काढा. टोकाच्या खोवणीचे दाते बोथट झाले असतील तर बारीक त्रिकोणी कानस प्रत्येक खाचेत दोनदा, एकाच दिशेने. दात्यांची टोकं घासायची नाहीत, खाच खोल करायची, टोक आपोआप तीक्ष्ण होतं. चवथीच्या आधी एवढं करून ठेवलं की नेवऱ्यांच्या सारणासाठी नारळ खोवताना हातांना कळतं.

वर्षानुवर्षं धार लावत गेलं की धार पाठीकडे सरकते आणि धारेमागचं पोलाद जाड होत जातं. मग धार तीक्ष्ण असूनही सुरण किंवा गाजर कापताना ते चिरलं न जाता कडकन दुभंगतं. तेव्हा धारेला हात न लावता तिच्या मागची जाडी उतरवावी लागते: जाड दगडावर पाठ अगदी थोडी, पाच-सात अंश उचलून. हे काम वेळ खातं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बाजारात मासळी कमी आणि घरात माणूस जास्त, तेव्हा मी लोकांना हे करायला सांगतो.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा. कार्बन पोलादाची धार एका रात्रीत तांबूस होते, आणि गंज आधी खातो तो सर्वात पातळ भाग, म्हणजे धारच. स्टेनलेसलाही मीठ लागतं. क्रोमियमचा थर गंज अडवतो, पण खारं पाणी बसून राहिलं की सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून मासळी कापून झाली की सुरी लगेच धुवायची, पुसायची आणि मगच कढईकडे वळायचं. सोलं, चिंच, लिंबू, तोर, विनेगर कापल्या-लागल्यावर कोयती तशीच ठेवायची नाही. कार्बन पोलादावर चढणारा करडा-निळसर थर घासून काढू नका, तो संरक्षण करतो. लालसर गंज मात्र काढा. पुसल्यावर खोबरेलाचं बोट फिरवा, ते पात्यावर चालतं. फणसाचा चीक लागला तर पाणी उपयोगाचं नाही, तेलानेच निघतो.

धार टिकवायची तर फळी बदला. कडप्प्यावर, काचेवर, स्टीलच्या ताटात कापलं की दगडावर घातलेला अर्धा तास पाच मिनिटांत जातो. लाकूड किंवा मऊ प्लास्टिक हवं. मासळीवाल्या चिंचेचा ओंडका वापरतात त्याला कारण आहे, तो घट्ट असतो, पण धार मारत नाही. चिरलेली भाजी फळीवरून ढकलायची ती सुरीच्या पाठीने. मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, कापत असाल तर तिची कातडी आधी वेगळी करा. त्या कातडीवर दातांसारखे कडक बारीक खवले असतात, पॉलिश पेपरच म्हणा, एका मोरीत चांगली सुरी बोथट होते. पाव आणि उंडे कापायची दातेरी सुरी दगडावर लावू नका. बारीक सिरॅमिक काठी प्रत्येक खाचेत, उतार असलेल्या बाजूनेच. सिरॅमिकच्या पांढऱ्या सुरीला हिऱ्याशिवाय काही चालत नाही.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी १००० चा दगड किंवा तेवढ्याच बारीक हिऱ्याची प्लेट, आणि चामड्याचा पट्टा. कार्बोरंडमचा दुहेरी दगड घरात नसेल तर तो, कोयती आणि आदोळीसाठी. स्टेनलेस सुऱ्यांना खाचांची नाही तर गुळगुळीत किंवा सिरॅमिक सळई, आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंना चार-पाच हलके हात. बाकी काही आत्ता नको. कोन पकडून ठेवणारी शिकंजाची यंत्रं चांगली असतात, हात थरथरत असेल तर जरूर घ्या, पण त्यात कोयती बसत नाही आणि लांब पात्याला दोनदा बसवावं लागतं.

शिकायला दोन स्टेनलेस सुऱ्यांतली जी जास्त जुनी ती घ्या. तिच्यावर मुठीपासून टोकापर्यंत लव न चुकता येऊ लागली, ती काढता येऊ लागली आणि कांद्याची पात माळ न होता चिरली, की मग दुसरी. कोयती आणि आदोळी त्यानंतर, आणि जपानी सुरी सगळ्यात शेवटी.